हरल्यावर खुर्ची सोडायची कशी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एक छोटी चौकट दिली होती, कुठल्या देशात निकालानंतर किती दिवसांनी नवीन सरकार बसतं याची. वाटलं होतं कोणी वाचणार पण नाही, पण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. सगळे घेणं शक्य नाही, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, ब्रिटनमध्ये मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान घर खाली करतो आणि अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये निवडून आलेला माणूस 20 जानेवारीपर्यंत वाट बघत बसतो. एवढा फरक कशामुळे? मोजणीला वेळ लागतो म्हणून का?

मोजणीचा संबंध अगदी थोडा. खरं कारण हे की नवीन माणसासोबत किती माणसं बदलतात. ब्रिटनमध्ये मंत्री बदलतात पण खात्यातले अधिकारी आहेत तिथेच राहतात, आणि विरोधी पक्षाची शॅडो कॅबिनेट आधीपासून तयार असते, म्हणजे अर्थखातं कोण बघणार, परराष्ट्र कोण बघणार हे बरंचसं ठरलेलं असतं, शिवाय निवडणुकीच्या आधीच विरोधी पक्षाला बड्या अधिकाऱ्यांशी बोलायची परवानगी मिळते. त्यामुळे 4 जुलै 2024 ला मतदान झालं, रात्रभर मोजणी झाली, 5 जुलैला ऋषी सुनक राजाकडे जाऊन राजीनामा देऊन आले आणि दुपारपर्यंत कीर स्टार्मर त्याच घराच्या दारात उभे राहून भाषण करत होते.

अमेरिकेत नवीन प्रेसिडेंटला साधारण 4 हजार पदांवर आपली माणसं नेमायची असतात, त्यातल्या हजाराहून जास्त लोकांना सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, मंजुरी लागते. ही भरती एका रात्रीत होत नाही. त्यात भर म्हणजे जनता थेट प्रेसिडेंट निवडत नाही, 538 इलेक्टर निवडते, ते डिसेंबरमध्ये आपापल्या राज्यात मत देतात, मग 6 जानेवारीला संसदेत ती मतं मोजतात. घोड्यावरून निरोप जायचे त्या काळातलं वेळापत्रक आहे हे. आणि आत्ता आहे ते तरी कमी केलेलं, पूर्वी शपथ 4 मार्चला व्हायची! त्या 4 महिन्यांनी त्या देशाला दोनदा चांगलंच रडवलं. लिंकन नोव्हेंबर 1860 मध्ये निवडून आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच 7 राज्यं फुटून निघाली. मग 1932-33 च्या हिवाळ्यात बँका एकामागून एक बंद पडत होत्या, हरलेले हूवर आणि जिंकलेले रूझवेल्ट यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, आणि लोक बँकेच्या दारात रांगा लावून उभे. 1933 मध्येच घटनादुरुस्ती होऊन 20 जानेवारी ही तारीख आली.

पण अमेरिकेलाच का नावं ठेवायची, इंडोनेशियात 14 फेब्रुवारी 2024 ला मतदान झालं आणि नवीन अध्यक्षांचा शपथविधी 20 ऑक्टोबरला. आठ महिने! आणि अगदी उलटं टोक बघायचं तर दक्षिण कोरिया. तिथे आधीचे अध्यक्ष मार्शल लॉच्या प्रकरणात पदावरून गेले, 3 जून 2025 ला निवडणूक झाली आणि दुसऱ्या दिवशी ली जे-म्यूंग थेट कामावर. मधे तयारीचा एकही दिवस नाही. ऑफिसात गेले तर कॉम्प्युटर नाही, प्रिंटर नाही, लिहायला पेन पण नाही, स्मशानात आल्यासारखं वाटतंय असं त्यांनी पत्रकारांसमोरच सांगितलं. म्हणजे लांबण लागली तरी त्रास, घाई झाली तरी त्रास. माझं मत विचाराल तर संसदीय पद्धतीत एक आठवडा आणि अध्यक्षीय पद्धतीत दीड-दोन महिने पुरे आहेत, त्याच्या पुढचे दिवस हरलेल्या माणसाला काहीतरी उद्योग सुचायला मिळतात.

ब्रिटनचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1945 ला 5 जुलैला मतदान झालं पण सैनिक जगभर पसरलेले, त्यांची मतं यायची म्हणून निकाल 26 जुलैला. मधल्या काळात पॉट्सडॅमला स्टालिन आणि ट्रुमन यांच्याबरोबर बैठक चालू, तर चर्चिलनी आपला विरोधक ॲटली यालाही सोबत नेलं होतं, उद्या निकाल फिरला तर ब्रिटनची बाजू मधेच तुटायला नको म्हणून. आणि निकाल खरंच फिरला. बैठकीतून निकालासाठी दोघं लंडनला गेले, परत आले ते एकटे ॲटली, पंतप्रधान होऊन. युद्ध जिंकून दिलेला माणूस घरी बसला आणि कुठे काही खट्ट झालं नाही.

प्रश्न : कमी मतं मिळालेला जिंकतो याला लोकशाही कसं म्हणायचं? हिलरी क्लिंटनना जास्त मतं होती ना?

होती, 28 लाखांहून जास्त. 2016 ला देशभरातली एकूण मतं हिलरींची जास्त पण इलेक्टर ट्रम्पचे जास्त, आणि नियम इलेक्टर मोजतो. हे त्यांच्याकडे 1824, 1876, 1888, 2000 आणि 2016 असं पाच वेळा झालंय. पण हा रोग एकट्या अमेरिकेचा नाही हो. ब्रिटनमध्ये 2024 ला लेबर पार्टीला साधारण 34 टक्के मतं मिळाली आणि 650 पैकी 411 सीट. त्याच निवडणुकीत रिफॉर्म पार्टीला 14 टक्के मतं आणि 5 सीट, तर लिबरल डेमोक्रॅट्सना त्यापेक्षा कमी म्हणजे 12 टक्के मतं आणि 72 सीट! कारण एकच, मतदारसंघात जो पहिला आला तो जिंकला, बाकीची मतं गेली पाण्यात. आपल्या लोकसभेचं गणितही हेच.

यावर देशोदेशी वेगवेगळे उपाय केलेत. फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत कोणाला 50 टक्क्यांच्या वर मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत परत दोन आठवड्यांनी मतदान. ऐकायला छान वाटतं, पण 2002 ला डाव्यांची मतं इतक्या उमेदवारांत फुटली की त्यांचे पंतप्रधान जोस्पँ पहिल्याच फेरीत बाहेर आणि दुसऱ्या फेरीत उजवे अध्यक्ष शिराक विरुद्ध कट्टर उजवे ल पेन. मग काय, डाव्यांनी नाक दाबून शिराकना मतं दिली, 82 टक्के!

श्रीलंकेनं दुसरी फेरी टाळायचा मार्ग काढलाय, मतपत्रिकेवरच 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा. 2024 मध्ये अनुरा कुमार दिसानायके यांना साधारण 42 टक्के मिळाली, मग तिथल्या इतिहासात पहिल्यांदाच पुढच्या पसंतीची मतं मोजावी लागली, आणि तरीही 21 सप्टेंबरला मतदान आणि 23 ला शपथ. मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात शहाणी वाटते, एकदाच रांगेत उभं राहा, एकदाच खर्च.

नेदरलँड्स, जर्मनी वगैरे देश मतांच्या प्रमाणात सीट देतात. जर्मनीत 5 टक्क्यांची अट आहे, 2025 च्या फेब्रुवारीत एक नवा पक्ष 4.98 टक्क्यांवर अडकला आणि संसदेच्या बाहेर राहिला, म्हणजे तिथेही लाखो मतं वाया गेलीच. कुठलीही पद्धत घ्या, कोणाच्या तरी मतावर पाणी पडतंच, फक्त कोणाच्या ते बदलतं.

प्रश्न : बेल्जियममध्ये दीड वर्ष सरकारच नव्हतं असं वाचलं. मग देश चालवला कोणी?

जुन्यांनीच. 13 जून 2010 ला निवडणूक झाली आणि नवीन सरकार आलं 6 डिसेंबर 2011 ला, 541 दिवस मोजतात ते. जुनं मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून बसून होतं, पगार होत होते, गाड्या धावत होत्या, शिवाय बेल्जियममध्ये प्रांतांकडे भरपूर अधिकार आहेत त्यामुळे रोजचं काही अडलं नाही. अडतो तो मोठा निर्णय.

आणि काळजीवाहू माणूस हट्टी असला तर काय होतं ते न्यूझीलंडनं 1984 ला बघितलंय. पंतप्रधान मल्डून हरले, नवीन सरकार बसायला काही दिवस होते आणि नेमका तेव्हाच त्यांच्या डॉलरवर ताण आला, जिंकलेले लाँगी म्हणाले चलनाची किंमत कमी करा, मल्डून म्हणाले करत नाही जा. परकीय चलनाचा व्यवहारच बंद ठेवायची वेळ आली. शेवटी त्यांच्याच पक्षातल्या लोकांनी दडपण आणलं तेव्हा ऐकलं आणि डॉलर 20 टक्क्यांनी खाली आणला. त्यानंतर तिथे हे पक्कं झालं की हरलेल्या सरकारनं मधल्या काळात तातडीच्या गोष्टीत जिंकलेल्याचं ऐकायचं. इतका साधा नियम, आणि तो सुचायला देशाला गोत्यात यावं लागलं.

प्रश्न : मी बारावीला राज्यशास्त्र घेतलंय. हरलेला अध्यक्ष "मी जातच नाही" म्हणाला तर त्याला काढतं कोण? पुस्तकात फक्त सत्तांतर शांततेत होते एवढंच एक वाक्य आहे.

अगं, त्या एका वाक्यातच तर सगळी गोम आहे. कायद्याच्या भाषेत उत्तर सोपं आहे, मुदत संपली की तो अध्यक्ष राहतच नाही, त्याच्या सहीला किंमत उरत नाही. पण सैन्य, पोलीस, खजिना यांनी ती सही मानायचं बंद केलं पाहिजे ना, तिथे खरी परीक्षा.

गांबियाचं उदाहरण घे. आफ्रिकेतला छोटासा देश, याह्या जामेह 1994 ला बंड करून सत्तेवर आला आणि 22 वर्षं बसला. 1 डिसेंबर 2016 च्या निवडणुकीत तो चक्क हरला, दुसऱ्या दिवशी टीव्हीवर येऊन मान्य केलं, जिंकलेल्या अडामा बॅरोला फोन करून अभिनंदनही केलं, सगळं जग चाट पडलं. आणि 9 डिसेंबरला फिरला, म्हणे निवडणूक मान्य नाही. बॅरोला शेवटी शेजारच्या सेनेगलमध्ये, डाकारच्या गांबियन दूतावासात 19 जानेवारीला शपथ घ्यावी लागली. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या संघटनेचं सैन्य सीमा ओलांडून आत शिरलं, गांबियाच्या लष्करप्रमुखानं आपण लढणार नाही असं सांगून टाकलं, आणि 21 जानेवारीला जामेह विमानात बसून देशाबाहेर गेला. म्हणजे त्याला काढलं शेजाऱ्यांनी, पण तो निघाला ते स्वतःचे सैनिक हलेनात तेव्हा.

आता तो फिरला का, हे जास्त महत्त्वाचं. मधल्या आठवड्यात जिंकलेल्यांच्या बाजूनं त्याच्यावर खटले चालवायची भाषा सुरू झाली होती. हरलो म्हणजे जेल, असं दिसलं की माणूस खुर्चीला चिकटतो. याच्या अगदी विरुद्ध घाना. 2008 ला तिथे दुसऱ्या फेरीत फक्त 40 हजारांच्या आसपास मतांनी निकाल लागला, सत्ताधारी पक्ष हरला आणि 7 जानेवारीला गुपचूप सत्ता दिली. जॉन महामा 2016 ला अध्यक्ष असताना हरले, 2020 ला परत हरले, 2024 ला जिंकून आले, आणि त्या वेळी समोरच्या बावुमिया यांनी तर आयोगानं निकाल जाहीर करायच्या आधीच फोन करून हार मान्य केली. का केली? कारण हरलेला माणूस तिथे आठ वर्षांनी परत येतो हे त्यांच्या डोळ्यासमोर आहे. मला वाटतं नियमांपेक्षा ही खात्री जास्त काम करते, आज गेलो तरी संपलो नाही.

पण गुन्हा केला असेल तर सोडून द्यायचं का, असं तू विचारशील. नाही. ब्राझीलमध्ये बोल्सोनारो 2022 ची निवडणूक हरले, 49.1 विरुद्ध 50.9 टक्के, आणि मग सत्ता न सोडण्याचा कट केला म्हणून 2025 मध्ये कोर्टानं 27 वर्षांहून जास्त शिक्षा सुनावली. हे हरल्याबद्दल नाही, हरल्यानंतर जे केलं त्याबद्दल. हा फरक पेपरात लिहिलास तर मार्क मिळोत न मिळोत, बरोबर आहे.

आणि कोर्टाचं काय, तर मलावी बघ. मे 2019 च्या निवडणुकीत निकालाच्या कागदांवर व्हाइटनर लावून आकडे बदललेले सापडले, लोक महिनोन्महिने रस्त्यावर, आणि 3 फेब्रुवारी 2020 ला सैन्याच्या बंदोबस्तात कोर्टात आलेल्या 5 न्यायाधीशांनी अख्खी निवडणूक रद्द केली. जूनमध्ये परत मतदान, विरोधक चकवेरा जिंकले. पुढची गंमत म्हणजे 2025 ला तेच चकवेरा हरले, ज्यांना हरवलं होतं त्या मुथारिकांकडूनच, आणि मुकाट्यानं मान्य केलं.

अमेरिकेतला एक प्रसंगही लक्षात ठेव. 2000 ला फ्लोरिडात 537 मतांनी निकाल फिरला, सुप्रीम कोर्टानं फेरमोजणी थांबवली, अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर हरले. आणि उपाध्यक्ष म्हणून 6 जानेवारी 2001 ला संसदेत मतमोजणीचं अध्यक्षपद त्यांच्याचकडे! त्यांच्याच पक्षाचे खासदार एकेक उठून हरकत घेत होते, त्यावर तेव्हाच्या नियमाप्रमाणे लागणारी सिनेटरची सही नव्हती म्हणून गोर स्वतः हातोडा आपटून त्यांना खाली बसवत होते, म्हणजे स्वतःचा पराभव स्वतःच जाहीर केला. बरोबर वीस वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच इमारतीत ट्रम्पचे समर्थक घुसले, ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील.

प्रश्न : निवडणुकीच्या काळात सरकारच नको, सगळीकडे निवृत्त न्यायाधीशांचं तटस्थ सरकार बसवा की! कोणी का करत नाही?

केलंय की. बांगलादेशनं 1996 ला घटनेतच घातलं होतं, शेवटचे निवृत्त सरन्यायाधीश मुख्य सल्लागार, म्हणजे त्या सरकारचे प्रमुख, होणार आणि 90 दिवसांत निवडणूक घेणार. 2001 ला सत्ताधारी पक्ष त्यातून हरलाही, म्हणजे चाललं. पण मग झालं काय, सगळ्यांना कळलं की सरन्यायाधीश कोण निवृत्त होतो यावर पुढची निवडणूक, त्यामुळे 2004 ला न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 2 वर्षांनी वाढवलं, लगेच विरोधक म्हणाले की आपला माणूस बसवायला वाढवलं. राजकारण निवडणुकीतून निघालं आणि कोर्टात जाऊन बसलं. जानेवारी 2007 ला आणीबाणी आली आणि 90 दिवसांचं सरकार दोन वर्षं राहिलं. 2011 ला शेख हसीनांनी ही तरतूद काढली, तर 2014 ला विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि 300 पैकी 153 जागी लढत झालीच नाही. ठेवलं तरी भांडण, काढलं तरी भांडण. ग्रीसमध्ये मोठ्या न्यायाधीशाला काही आठवड्यांसाठी पंतप्रधान करतात आणि कोणाला फारसं कळतही नाही, 2023 ला झालं तसं. औषध तेच, पेशंट वेगळा.

प्रश्न : मतदान सक्तीचं केलं तर?

ऑस्ट्रेलियात 1924 पासून आहे, न देणाऱ्याला 20 डॉलर दंड. त्याआधी 60 टक्क्यांच्या आत होतं, पुढच्याच निवडणुकीत 90 च्या वर गेलं. मला सक्ती आवडत नाही, पण आकडे माझ्या विरोधात आहेत हे कबूल.

प्रश्न : मशीन की कागद, एकदाच काय ते सांगा.

एकदाच सांगण्यासारखं असतं तर जर्मनी आणि ब्राझील दोघांनी एकच केलं असतं ना. जर्मनीच्या घटना न्यायालयानं 2009 ला सांगितलं की साध्या नागरिकाला, काही तांत्रिक शिक्षण नसताना, मोजणी बरोबर झाली का हे तपासता आलं पाहिजे, आणि तेव्हाची मशीनं बाद झाली. ब्राझीलमध्ये 1996 पासून मशीन, एवढा मोठा देश पण त्याच रात्री निकाल. एस्टोनियात तर 2005 पासून घरी बसून इंटरनेटवर मत देता येतं, आणि कोणी दडपण आणलं तर नंतर परत मत देऊन बदलता येतं, शेवटचं धरतात.

माझी सगळ्यात आवडती पद्धत मात्र परत गांबियाचीच. तिथे मत म्हणजे गोटी! प्रत्येक उमेदवाराचा वेगळ्या रंगाचा ड्रम, वर फोटो, मतदारानं गोटी आत टाकली की आतली घंटी टिंग वाजते, बाहेर बसलेले लोक कान देऊन ऐकतात, दोनदा टिंग झालं तर चोरी. सायकलच्या घंटीशी गोंधळ नको म्हणून केंद्राजवळ सायकल आणायला बंदी. मोजायच्या वेळी भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये गोट्या ओततात, ट्रे भरला की आकडा कळला. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं, आणि 22 वर्षं बसलेला हुकूमशहा याच गोट्यांनी हरला.

प्रश्न : जुन्यानं नव्याच्या शपथविधीला जायचं असा कायदा आहे का?

कुठे तसा कायदा असल्याचं माझ्या तरी वाचनात नाही, रीत आहे. 1801 ला जॉन ॲडम्स पहाटेच गाडीत बसून निघून गेले, जेफरसनच्या शपथेला थांबले नाहीत, ट्रम्प 2021 ला गेले नाहीत. उलट थोरले बुश 1993 ला बिल क्लिंटनकडून हरून जाताना टेबलावर हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवून गेले, तुमचं यश ते आता देशाचं यश, मी तुमच्या पाठीशी आहे अशा अर्थाची. ब्राझीलमध्ये जुना अध्यक्ष नव्याच्या खांद्यावर पट्टा घालतो, पण बोल्सोनारो 30 डिसेंबर 2022 लाच फ्लोरिडाला निघून गेले. मग 1 जानेवारीला नवीन अध्यक्ष लुलांबरोबर काही साधे नागरिक अध्यक्षीय भवनात वर चढले, त्यात एक म्हातारे आदिवासी प्रमुख होते, एक लहान मुलगा होता, पट्टा हातोहात पुढे गेला आणि कचरा वेचणाऱ्या एका बाईनं तो लुलांच्या खांद्यावर घातला.

स्वित्झर्लंडमध्ये दरवर्षी अध्यक्ष बदलतो तरी कोणाला नाव का माहीत नसतं, हा प्रश्न पुढच्या अंकात घेते.